सेन्सर म्हणतो कोरडं, खुरपं म्हणतं ओलं – कोणाचं ऐकायचं?

ढेकूळ
तासगाव भाग, द्राक्ष, काळी भारी जमीन, साधारण तीन फुटांखाली मुरूम. इनलाइन ड्रिप, दर ५० सेंमीवर ताशी ४ लिटरचा ड्रिपर. रेझिस्टन्सवर चालणारे दाणेदार सेन्सर (आत जिप्समची चकती असते ते) दोन खोल्यांवर लावलेत, २० आणि ४५ सेंमी. लॉगर (आकड्यांची नोंद ठेवणारा डबा) ईएसपी-३२ या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा, सोबत मेमरी कार्ड, घड्याळाचं मॉड्यूल आणि टूजी मॉडेम. वर सोलर पॅनेल, आत लिथियम सेल.

लक्षणं अशी:
१) २० सेंमीचा सेन्सर दोन दिवस ३०-३५ सेंटिबार (मातीतून पाणी ओढायला लागणारा ताण, आकडा मोठा तितकी माती कोरडी) दाखवत होता, चौथ्या दिवसापासून थेट २३९, म्हणजे ठणठणीत कोरडं. ड्रिप तीन तास चालवलं तरी ढिम्म. शेजारी उकरलं तर त्याच खोलीवरच्या मातीचा लाडू वळतो.
२) ४५ सेंमीचा कायम ०, फार तर ३-४.
३) रोज रात्री आठनंतर फायलीत भोक. लॉगर परत सुरू झाला की कधी कधी तारीख १ जानेवारी २०००.

सेन्सर बदलायचे की लॉगर? कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, दोष तिचा आहे की माझा तेच अजून कळलेलं नाही.

गिरमीट
सेन्सरसाठी जमिनीत भोक कशाने पाडलं? पहारीने ना?

ढेकूळ
हो. चार-पाच सेंमी रुंद झालं असेल. कोरडीच माती लोटली आणि वरून पाय दिला.

गिरमीट
मग पहिल्या लक्षणाचं उत्तर तिथेच आहे. या सेन्सरचा व्यास २२ मिमी, आणि त्याला सगळीकडून माती चिकटलेली लागते. मातीतलं पाणी सेन्सरच्या आत-बाहेर जायला सलग ओलावा हवा. मध्ये बोटभर हवा राहिली की सेन्सर एकटाच वाळतो आणि २३९ वर जाऊन बसतो. बाहेर चिखल झाला तरी त्याला पत्ता नाही. सुरुवातीचे दोन दिवस जो आकडा आला तो सेन्सरमधल्या स्वतःच्या पाण्याचा.

काळ्या मातीत दुखणं दुप्पट. ती सुकताना आकसते आणि भेग नेमकी सेन्सरच्या पाइपाला धरून पडते, कारण तिथली माती आधीच मोकळी. मग ड्रिपचं पाणी त्या भेगेतून सरळ खाली. वरचा सेन्सर कोरडा, खालचा ओला. तुमच्या दुसऱ्या लक्षणातही याचा हात असू शकतो.

परत बसवताना:
आधी सेन्सर भिजवून-वाळवून घ्या. सकाळी अर्धा तास पाण्यात, संध्याकाळपर्यंत सावलीत, परत अर्धा तास पाण्यात, रात्रभर बाहेर. दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी अर्धा तास, मग संध्याकाळपर्यंत वाळू द्या आणि त्या रात्री पूर्ण भिजत ठेवा. तिसऱ्या दिवशी ओलाच बसवा. हे टाळलं तर आतली हवा निघत नाही आणि पहिले काही दिवस सेन्सर पाण्याला सुस्त राहतो.
भोक २२ ते २५ मिमीच्या गिरमिटाने, उभं नको, ४५ अंशांत तिरकं. तिरक्या भोकामुळे वरून आलेली भेग पाइपाला समांतर जात नाही. तिरकं घालताना खोली उभी मोजायची. २० सेंमी खोलीला भोकाची लांबी २८ सेंमी होते.
त्याच खोलीची माती चाळून दह्याइतकी पातळ कालवा, कपभर भोकात ओता आणि सेन्सर त्यात दाबा. बाजूने चिखल वर आला पाहिजे. उरलेलं भोक पाच-पाच सेंमीच्या थरांनी काठीने ठेचत भरा, वर छोटा उंचवटा करा, पाइपाचं तोंड टोपणाने बंद करा.

खडपं
पहारीने सेन्सर बसवणं म्हणजे वस्तऱ्याने नारळ सोलणं :-)

ओहम्
गिरमीट यांचा प्रतिसाद बरोबर, पण थोडं थांबा. सेन्सर उपटायच्या आधी निदान पूर्ण करा, नाहीतर तीन बिघाड एकात मिसळतील. माती, सेन्सर, केबल, लॉगर अशी साखळी आहे, ती मधोमध तोडून बघायची.

बाजारातून साधे एक टक्क्याचे रेझिस्टर आणा, पाच-दहा रुपयांचं काम. लॉगरच्या टर्मिनलवरून सेन्सर काढा आणि तिथे रेझिस्टर लावा. हा खोटा सेन्सर. या प्रकारच्या सेन्सरचा २४ अंशांचा तक्ता साधारण असा:

५५० ओहम – ०
१,००० – ९
२,००० – १५
६,००० – ३५
९,२०० – ५५
१२,२०० – ७५
१५,५७५ – १००
२८,०७५ – २००

नेमकी किंमत मिळाली नाही तर दोन रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा. लॉगरने एक-दोन सेंटिबारच्या फरकात आकडा दिला तर लॉगर निर्दोष. मग तोच रेझिस्टर शेतातल्या टोकाला, केबलच्या शेवटी. इथे आकडा बदलला तर दोष केबलमध्ये. शेवटी शेतातलं टोक नुसतं मोकळं सोडा, काहीही न जोडता. केबल कोरडी असेल तर २३९ यायलाच हवं. त्याहून कमी आलं तर दोन तारांमधून कुठेतरी करंट गळतोय.

मल्टिमीटरने सेन्सर मोजायचा मोह होतो, पण तो डीसी देतो. त्याने सेन्सरमध्ये ध्रुवीकरण होतं आणि बघता बघता आकडा सरकत जातो. अगदीच मोजायचं असेल तर पहिल्या दोन सेकंदांत वाचा, प्रोब उलटे करून परत वाचा, सरासरी घ्या. तुटलाय की शॉर्ट आहे एवढंच त्यावरून ठरवा.

सोल्डरवाला
आणखी एक चाचणी, फुकटची. २० चा सेन्सर लॉगरवरून काढा आणि ४५ चा आकडा बदलतो का बघा. दोन्ही सेन्सर एकाच सर्किटवर असतील तर एकाचा करंट ओल्या मातीतून दुसऱ्याकडे जातो. त्यासाठी ज्या सेन्सरचं वाचन चालू नाही त्याच्या दोन्ही तारा मल्टिप्लेक्सरने (आळीपाळीने सेन्सर जोडणारी चिप) पूर्ण तोडाव्या लागतात. स्वस्त बोर्डांत एक तार कायम ग्राउंडला असते, तिथे हा घोळ हमखास.

पोयटा
अवांतर: हे सेंटिबार वगैरे ठीक, पण मुठीत माती दाबली, लाडू वळला, अंगठ्याने दाबल्यावर फुटला, तळहाताला पाणी लागलं नाही, की वाफसा. हजारो रुपये मातीत घालून पुन्हा खुरपंच काढावं लागतंय ना?

मातीमाय
पोयटा, लाडूची परीक्षा उत्तम आहे, पण वरच्या वीतभराची. ४५ सेंमीवरचा लाडू रोज कोण काढणार? भारी जमिनीत वर वाफसा आणि खाली तुंबलेलं पाणी हे नेहमीचं चित्र आहे. पांढरी मुळी तिथेच हवेवाचून गुदमरते आणि पानं पिवळी पडली की आपण फेरसची फवारणी घेतो.

वाफशाला आकडा लावायचाच तर पाण्याचा निचरा होऊन माती जिथे थांबते तो ताण. हलक्या मातीत १० सेंटिबारच्या आसपास, भारी मातीत पुस्तकी आकडा ३३. त्यामुळे १० च्या खाली दिवसभर राहिला तर मुळ्यांना हवा नाही, असं समजून पाणी तोडायचं. ३० ते ६० मध्ये बहुतेक जमिनींत पाणी सुरू करायचं. भारी काळीला ६० ते १०० ची मुभा तक्त्यात असते.

द्राक्षघड
१०० पर्यंत? ड्रिपवर नको. ती मुभा पाटपाण्याची आहे, जिथे एकदा दिलं की सगळा थर भरतो. ड्रिपरखाली कांद्याच्या आकाराचा जो भाग ओला होतो तो लहान. १०० ला पोचलेली काळी माती भेगाळते आणि मग ४ लिटरच्या ड्रिपरने ती परत भरायला फार वेळ जातो, अर्धं पाणी भेगेतून निघून जातं. फळछाटणीनंतर फुटवा ते मणी सेटिंग या काळात २० सेंमीला ४० च्या वर जाऊ देऊ नये असं माझं मत. मण्यात पाणी उतरताना, म्हणजे मणी पिकू लागताना, गोष्ट वेगळी.

मातीमाय
द्राक्षघड, भेगांचा मुद्दा मान्य. ड्रिपसाठी ४०-५० वरच थांबावं.

ओहम्
त्या ४० वर भांडण्याआधी तापमान बघा! हा सेन्सर मातीच्या तापमानाला हलतो. शॉक नावाचे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं १९९८ चं समीकरण सगळे वापरतात: ताण = (३.२१३ × र + ४.०९३) ÷ (१ − ०.००९७३३ × र − ०.०१२०५ × त). र म्हणजे किलोओहम, त म्हणजे मातीचं तापमान सेल्सिअसमध्ये. ६ किलोओहमला २४ अंशांवर सुमारे ३६ येतात, ३२ अंशांवर तेच ४२. लॉगरमध्ये २४ कायमचे टाकलेले असतील तर उन्हाळ्यात तो माती आहे त्यापेक्षा ओली दाखवणार. वॉटरप्रूफ डीएस१८बी२० हा तापमानाचा प्रोब २० सेंमीवर गाडा आणि त्याचा आकडा समीकरणाला द्या.

जांभा
कोकणातून एक भर: जांभ्याच्या मातीत खडे असतात, ते न काढता कालवलं तर दह्यात शेंगदाणे. दोन मिमीच्या चाळणीने चाळा. आणि खाली दगड लागला तर भोक सोडून द्या, हातभर सरकून नवीन पाडा.

बांधावरचा
माझ्याकडे वेगळा प्रकार आहे, कपॅसिटिव्ह (रेझिस्टन्सऐवजी कपॅसिटन्सवरून ओल मोजणारा), काळी पट्टी, १.२ लिहिलेली. तो दुपारी ओला आणि पहाटे कोरडा दाखवतो. पाणी न देता! काय समजायचं?

सोल्डरवाला
बांधावरचा, त्या पट्टीचे ठरलेले रोग आहेत.

पहिला: पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात. तिथून पाणी फायबरच्या थरांत शिरतं आणि आकडा आठवड्याभरात सरकतो. कडांना इपॉक्सी, नसेल तर नेलपॉलिशचे तीन हात. वरचा इलेक्ट्रॉनिक भाग इपॉक्सीत किंवा हीटश्रिंकमध्ये बुडवा.

दुसरा: टायमर चिप. टीएलसी५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर चालते. काही खेपांत एनई५५५ येते, तिला किमान ४.५ लागतात. भिंगाने चिपवरची अक्षरं वाचा.

तिसरा: काही बोर्डांवर एक मेगाओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडलेलाच नसतो. त्यामुळे आकडा मिनिटभर घसरत राहतो. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये एक मेगाओहम बाहेरून लावला की बरा होतो.

दुपारचा चढ मात्र बहुतेक तापमानाचा. उन्हातलं डोकं तापतं, माती नाही. डोकं झाका आणि निर्णय पहाटे पाचच्या आकड्यावर घ्या. ईएसपी-३२ चा आतला एडीसीही (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) सरळ रेषेत मोजत नाही, वायफाय चालू असताना त्याचा दुसरा एडीसी तर वापरताच येत नाही. बाहेरून एडीएस१११५ ही एडीसी चिप लावा.

मातीमाय
आणि त्या पट्टीला 'हवेत ० टक्के, पाण्यात १०० टक्के' असं लावू नका. माती कधीच त्या दोन टोकांना जात नाही. आपलीच माती १०५ अंशांना २४ तास वाळवा. प्रत्येक डब्यासाठी १२०० ग्रॅम घ्या, त्यात १००, २००, ३००, ४०० मिली पाणी कालवा, झाकून एक रात्र ठेवा आणि प्रत्येक वेळी बरोबर एक लिटरमध्ये ठासून भरा. झाले १०, २०, ३०, ४० टक्के घनफळाने. चार बिंदू काढून रेषा मारा. खताच्या पाण्याने हा सेन्सर जास्त ओला दाखवतो, तेव्हा फर्टिगेशनच्या (ड्रिपमधून खत देण्याच्या) दिवशीचा चढ पूर्ण खरा धरू नका. चोपण (सोडियमने बिघडलेल्या) जमिनीत तर त्यावर विसंबूच नका.

बांधावरचा
एनई५५५ निघाली :-( धन्यवाद.

टाका
धागा भरकटला, पण धागाकर्त्यांच्या तिसऱ्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही. ढेकूळ, रात्री आठला काय होतं? मॉडेम डेटा पाठवतो की पंपाची थ्री-फेज वीज येते?

ढेकूळ
डेटा पाठवायची वेळ आठ. थ्री-फेजची पाळी दर आठवड्याला बदलते.

टाका
मग मोटार सुटली. भोक वीज येण्याच्या वेळेसोबत सरकलं असतं तर स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरचा धक्का धरला असता. ते दुखणं वेगळं: सेन्सरची केबल मोटारच्या केबलसोबत एकाच चरात टाकली की होतं. फूटभर लांब ठेवायची, पीळ दिलेली शील्डेड घ्यायची आणि शील्ड एकाच टोकाला अर्थ करायची, दोन्ही टोकांना कधीच नाही.

तुमचा बिघाड मॉडेमच्या भुकेचा आहे. टूजी मॉडेम पाठवताना २ अँपिअरपर्यंत झटके घेतो आणि ३.४ व्होल्टच्या खाली गेला की बंद पडतो. सेलपासून मॉडेमपर्यंत ०.२ चौरस मिमीची एक मीटर वायर असेल तर जाऊन-येऊन ०.१७ ओहम. दोन अँपिअरला ०.३४ व्होल्ट वायरीतच गेले. सेल ३.७ वर असेल तर मॉडेमला उरले ३.३६. त्याच्यासोबत ईएसपीही रिसेट होतो. मल्टिमीटरला हे दिसत नाही, झटका मिलिसेकंदांचा असतो, म्हणून लोक 'बॅटरी तर चांगली आहे' म्हणत राहतात. वायर एक चौरस मिमी आणि वीतभर करा, मॉडेमच्या पायाशी १,००० ते २,२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

प्रोग्रॅममध्ये क्रम बदला: आधी नोंद कार्डावर, फाइल बंद, मगच मॉडेम चालू. फाइल उघडी असताना वीज गेली तर शेवटच्या नोंदी गेल्याच, कधी अख्खी फाइल.

तारीख २००० ला जाणं म्हणजे घड्याळाच्या बॅकअप सेलने मान टाकली. डीएस३२३१ या घड्याळ-चिपचं निळं मॉड्यूल असेल तर त्यावर चार्जिंगसाठी एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर असतो. बहुतेक जण त्यात सीआर२०३२ हा बटण सेल टाकतात, जी चार्ज करायची नसते. पाच व्होल्टवर ती फुगते आणि मरते. तो रेझिस्टर उपटा, नवीन सेल टाका.

खडपं
तारीख २००० ला जाते तर डिझेलचा भावही त्या सालचा मिळतो का तेवढं विचारून सांगा.

पंचायत
वाचनखूण साठवली. घाईत एक विचारतो: आरएस-४८५ चा (दोन तारांवरून डिजिटल डेटा देणारा) सेन्सर उत्तरच देत नाही.

टाका
क्रमाने: ए-बी तारा अदलाबदल करून बघा, अर्धे बिघाड तिथेच सुटतात. मग डेटाचा वेग, काही ९६०० तर काही ४८०० वर येतात. दोन सेन्सर असतील तर दोन्हींचा पत्ता कारखान्यातून १ असतो, एकेक जोडून बदला. लांब लाइन असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहम. सेन्सरला १२ व्होल्ट दिल्यावर उत्तरासाठी सेकंदभर थांबा, झोपेतून उठल्याबरोबर विचारलं तर तो गप्प राहतो.

ढेकूळ
आज चाचण्या केल्या. टर्मिनलवर ६ किलोओहम लावले, ३५ आले. लॉगर बरा आहे. २० ची केबल मोकळी सोडली, २३९. ठीक. ४५ ची केबल मोकळी सोडली तर २३९ ऐवजी १२! सोल्डरवाल्यांची चाचणीही केली, एक काढल्याने दुसरा हलला नाही.

ओहम्
सापडला. १२ सेंटिबार म्हणजे सुमारे १.४ किलोओहमची गळती. ती सेन्सरला समांतर बसते, म्हणजे आकडा नेहमी खरा आहे त्यापेक्षा ओला. सेन्सर खरा १ किलोओहम असेल तर दोघं मिळून ५८० ओहम, पडद्यावर जवळजवळ ०. आणि माती ५५ पर्यंत सुकली तरी तुम्हाला १०-११ च दिसणार. सेन्सर कधीच ओरडला नसता. केबलला जोड कुठे आहे?

ढेकूळ
ओळीच्या टोकाला, जमिनीत. काळी टेप गुंडाळून.

सोल्डरवाला
काळी टेप मातीत म्हणजे स्पंजच. जोड कापून टाका, तांबं काळं पडलेलं असेल तर चकचकीत दिसेपर्यंत मागे छाटा. सोल्डर करा, आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) प्रत्येक तारेवर वेगळी आणि मग दोन्हींवर मिळून एक. नाहीतर जेल भरलेले कनेक्टर. सगळ्यात बरं म्हणजे जोड खांबावरच्या डब्यात, जमिनीत नकोच. केबल डब्यात खालून शिरवा आणि शिरण्याआधी एक झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी झोळातून टपकतं.

उंदीर-घुशींसाठी केबल १६ मिमीच्या जुन्या लॅटरलमधून (ड्रिपच्या नळीतून) न्या. पण प्लेन लॅटरल घ्या, इनलाइन नको. ड्रिपरच्या भोकांतून पाणी आत जाऊन तिथेच साठतं.

द्राक्षघड
जागाही तपासा. २० चा सेन्सर ड्रिपरपासून किती लांब? १५-२० सेंमी हवा, वेलीच्या बाजूला. बरोबर दोन ड्रिपरच्या मध्ये आणि शिवाय ओळीपासून लांब पडला तर तो त्या ओल्या भागाच्या कडेला येतो. ज्या ड्रिपरपाशी लावताय त्याचं पाणी भांड्यात १५ मिनिटं धरा, एक लिटर भरलं पाहिजे. क्षाराने अर्धा तुंबलेला ड्रिपर असेल तर सेन्सर खरं बोलेल, पण फक्त त्या एका वेलीबद्दल.

टेन्शनराव
उशिरा आलो. माती अशी ओली असताना टेन्शिओमीटर (पाणी भरलेल्या नळीने मातीचा ताण थेट मोजणारं साधन) जास्त नेमका, तुलनेला एक तरी लावा. उकळून थंड केलेलं पाणी भरा, बुडबुडे काढा. ८० च्या आसपास त्यात हवा शिरते आणि आकडा कोसळतो, तो कोसळ 'पाणी मिळालं' असा वाचू नका. ४५ सेंमीच्या नळीत पाण्याच्या स्तंभाचे साडेचार सेंटिबार वजा करायचे.

ढेकूळ
सेन्सर गिरमिटाने तिरका, चिखलात बसवला, ड्रिपरपासून १८ सेंमी. जोड खांबावर घेतला. पाच दिवसांचा आलेख: २० सेंमीला पाणी दिल्यावर ११, मग दिवसा चढ, रात्री सपाट, परत दिवसा चढ. काल पहाटे ३४. ४५ सेंमीला १४ ते १७. कपॅसिटर लावल्यापासून आठ वाजता भोक नाही.

ओहम्
दिवसा पायरी, रात्री सपाट, म्हणजे मुळी पाणी उचलतेय. तो जिना दिसतोय तोवर सेन्सर मातीला धरून आहे. जिना बंद होऊन सरळ रेषा आली की आधी भेग बघा, मग केबल मोकळी सोडून बघा.

पोयटा
आणि लाडू?

ढेकूळ
३४ ला लाडू वळतो आणि अंगठ्याने फुटतो. दोघांचं जमलं एकदाचं. आता शेवटचं: रोटाव्हेटर येणार आहे, केबल वाचवायची कशी?

गिरमीट
ओळ ओलांडताना केबल जमिनीतून नको, वरच्या मांडवाच्या तारेवरून न्या. सेन्सरशेजारी लाल पट्टीचा बांबू रोवा, आणि ड्रायव्हरला तो हाताने दाखवा. नुसतं सांगू नका.